व्यापाराच्या करारात माणसाला जागा असावी का?



'करार' हा शब्द आपल्याइतक्या वेळा दुसरे कुणी उच्चारत नसेल. आपल्या पवित्र शास्त्राचे दोन्ही भाग करारच आहेत, एक जुना आणि एक नवा. प्रत्येक मिस्सेत प्याला उचलताना धर्मगुरू नव्या कराराचीच आठवण करतो. चर्चच्या बाहेर मात्र करार म्हटला की आपल्याला स्टॅम्पपेपर आठवतो: बिल्डरशी केलेला करार, भाड्याच्या जागेचा करार, आखातात नोकरीला जाताना सही केलेला करार. वर्तमानपत्राच्या अर्थविषयक पानावर आणखी एका प्रकारचा करार भेटतो, तो म्हणजे दोन देशांमधला व्यापाराचा व सहकार्याचा करार. आज याच कराराविषयी लिहायचे आहे, कारण त्यातल्या एका छोट्या कलमावर गेली अनेक वर्षे जगभर वाद चालू आहे. ते कलम म्हणते की आपण एकमेकांशी व्यापार करू, पण दोघांनीही आपापल्या देशातील माणसांचे मूलभूत हक्क पाळले पाहिजेत.

असे कलम घालावे का, हा पहिला प्रश्न. ते मोडले गेले तर व्यापार थांबवावा का, हा दुसरा. बहुतेक वादात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. पहिल्याचे माझे उत्तर 'होय' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर तितके सरळ नाही.

रविवारच्या पत्रिकेत हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. त्यांनी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा पाचवा अध्याय उघडून पाहावा. शलमोन राजाला यरुशलेममध्ये प्रभूचे मंदिर बांधायचे आहे. चांगले लाकूड लबानोनच्या डोंगरात, आणि ते सोराचा राजा हिराम याच्या हाती. सोर हे समुद्रकाठचे व्यापारी शहर, त्याला धान्य बाहेरून हवे. दोघे करार करतात. हिरामाने देवदाराचे आणि सुरूचे ओंडके तराफे बांधून समुद्रमार्गे पाठवायचे, शलमोनाने वर्षाला वीस हजार कोर गहू आणि शिवाय तेल द्यायचे. दोघांमध्ये सलोखा नांदला, असे शास्त्र सांगते. आजच्या कुठल्याही वाणिज्यमंत्र्याने टाळ्या वाजवाव्यात असा हा करार आहे.

त्याच्या लगेच पुढची ओळ मात्र आपण सहसा वाचत नाही. शलमोनाने सर्व इस्राएलातून तीस हजार माणसे वेठीला धरली. दहा हजारांची एक पाळी, अशा तीन पाळ्या. एक महिना लबानोनात, दोन महिने घरी. याशिवाय सत्तर हजार ओझी वाहणारे, ऐंशी हजार पाथरवट आणि त्यांच्यावर तीन हजार तीनशे मुकादम. वेठीचा मुख्य अंमलदार अदोनीराम. गहू या लोकांच्या शेतांतला, लाकूड तोडणारे हात यांचे, पण करार झाला तो दोन राजांमध्ये. त्यात या माणसांना कुठे जागा नव्हती. मंदिर देवाचे होते हे खरे, तरी वेठ ती वेठच. याची किंमत पुढच्या पिढीत चुकवावी लागली. शलमोनाच्या मुलाकडे लोक गेले आणि म्हणाले, आमचे जू हलके कर. त्याने ऐकले नाही. उलट वेठीवरच्या त्याच जुन्या अंमलदाराला त्यांच्याकडे धाडले. लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले आणि राज्याचे दोन तुकडे झाले.

आता आमोस संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायाकडे या. तकोवाचा हा मेंढपाळ आजूबाजूच्या राष्ट्रांवर देवाचा न्याय जाहीर करतो. सोराचा अपराध कोणता? त्यांनी बंदिवान केलेले लोक एदोमाच्या हवाली केले, आणि बंधुत्वाच्या कराराची आठवण ठेवली नाही. हिरामाने शलमोनाला 'भाऊ' म्हटले होते, म्हणून पुष्कळ भाष्यकार या शब्दांचा संबंध त्या जुन्या मैत्रीशी जोडतात. देवदार वेळेवर आले नाहीत किंवा वजनात खोट होती, अशी आमोसची तक्रार नाही. कराराचा माल कदाचित शेवटच्या ओंडक्यापर्यंत पोहोचला असेल. माणसे विकली गेली, म्हणून करार मोडला, असे तो म्हणतो. दुसरेही एक लक्षात घेण्यासारखे आहे. सोर हे इस्राएल नव्हे. त्याला मोशेचे नियमशास्त्र मिळाले नव्हते. तरीही 'आम्हांला हा कायदा लागू नाही' हा बचाव आमोस त्याला देत नाही. माणूस विकायचा नसतो हे कळायला सीनाय पर्वतावर जावे लागत नाही. सेमिनरीत आम्ही ज्याला नैसर्गिक नियम म्हणून शिकलो, तो हाच.

आधुनिक काळात हा प्रश्न युगांडाने उभा केला. १९७५ साली टोगो देशातील लोमे येथे युरोपच्या समुदायाने आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक भागातील ४६ देशांशी मोठा करार केला. त्यात व्यापाराच्या सवलती आणि मदतीचा पैसा दोन्ही होते, मानवी हक्कांविषयी मात्र एक ओळ नव्हती. युगांडा या देशांपैकी एक. तिथे इदी अमीनची राजवट माणसे मारत सुटली होती. फेब्रुवारी १९७७ मध्ये अँग्लिकन आर्चबिशप जनानी लुवुम यांची हत्या झाली. युरोपला कळेना की आता करायचे काय. करार तर पाळायलाच हवा, आणि करारात हत्याकांडाविषयी काही लिहिलेलेच नाही. शेवटी १९७७ मध्ये त्यांनी एक मार्गदर्शक धोरण ठरवले की आपल्या मदतीमुळे तिथल्या जनतेच्या मूलभूत हक्कांची पायमल्ली लांबता कामा नये. पळवाट म्हणा किंवा उशिरा आलेली जाग म्हणा. पुढे १९८९ च्या चौथ्या लोमे करारात मानवी हक्क प्रथमच कलमात आले, आणि १९९५ पासून युरोपीय संघाने असे कलम आपल्या सर्वसाधारण करारांत घालण्याचे धोरणच केले.

या कलमातले महत्त्वाचे शब्द दोनच: 'आवश्यक घटक'. मानवी हक्कांचा आणि लोकशाही तत्त्वांचा आदर हा या कराराचा आवश्यक घटक आहे, असे त्यात लिहिलेले असते. साध्या भाड्याच्या कराराचे उदाहरण घ्या. 'भाडेकरूने शेजाऱ्यांशी सलोख्याने राहावे' असे प्रस्तावनेत लिहिले तर ती सदिच्छा झाली. 'जागेत दारूचा गुत्ता चालवल्यास करार रद्द होईल' असे लिहिले तर ती अट झाली. १९६९ च्या व्हिएन्ना संकेतानुसार कराराच्या मुळाशी असलेली तरतूद एका बाजूने मोडली, तर दुसरी बाजू करार स्थगित करू शकते. हे दोन शब्द मानवी हक्कांना त्या मुळाशी नेऊन बसवतात.

आपल्या देशाचा संबंध इथेच येतो. भारत आणि युरोपीय समुदाय यांच्यातील सहकार्य करारावर डिसेंबर १९९३ मध्ये सह्या झाल्या आणि तो १ ऑगस्ट १९९४ रोजी लागू झाला. त्याच्या पहिल्याच कलमात हे शब्द आहेत. गंमत म्हणजे या कराराविरुद्ध युरोपच्या न्यायालयात गेला तो पोर्तुगाल! गोव्यावर आणि वसईवर ज्यांचे राज्य होते त्यांनी भारताच्या करारातील मानवी हक्कांच्या कलमाला हरकत घ्यावी, हे वाचून आपल्याला हसू येईल. हरकत हक्कांना नव्हती. असे कलम घालण्याचा अधिकार समुदायाला कोणत्या कायद्याने मिळाला, हा मुद्दा होता. ३ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने ती याचिका फेटाळली. युरोपच्या करारांतील या कलमाची कायदेशीर पारख झाली ती अशी भारताच्या करारावर.

तरीही भारत सरकारने, पक्ष कोणताही असो, व्यापार आणि हक्क एकत्र बांधायला सातत्याने विरोध केला आहे. याच डिसेंबर १९९६ मध्ये सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली, तेव्हा श्रीमंत देशांना कामगारांच्या हक्कांचा मुद्दा व्यापाराच्या नियमांत आणायचा होता. भारत विरोध करणाऱ्यांत पुढे होता. परिषदेने ठरवले की कामगारांच्या हक्कांचे काम जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे राहील, आणि स्वस्त मजुरीच्या देशांचा व्यापार रोखण्यासाठी हे निमित्त वापरता येणार नाही. पुढे युरोप काही देशांना अमली पदार्थांविरुद्धच्या कामाबद्दल जादा सवलत देऊ लागला, त्यात पाकिस्तान आला, आणि भारताने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. २००४ मध्ये निकाल मुख्यतः भारताच्या बाजूने लागला: सवलत द्यायची तर तिचे निकष सर्वांना सारखे आणि उघड असले पाहिजेत.

भारताच्या या भूमिकेत खरे असे पुष्कळ आहे, हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ज्यांनी दोनशे वर्षे वसाहतींचा कापूस आणि ऊस लुटला, ते आज आपल्याला हक्क शिकवणार का, हा प्रश्न नुसता रागाचा नाही. हक्कांच्या नावाखाली स्वतःच्या गिरण्या वाचवण्याचा हेतू कधीच नसतो, असे कोण छातीठोक सांगेल? आणि हे दुखणे फक्त गरीब देशांचे आहे असेही नाही. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियाने याच कलमामुळे युरोपशी पूर्ण करार करण्याचे नाकारले आणि नुसत्या संयुक्त निवेदनावर भागवले. दुसऱ्याने आपल्या घरात डोकावलेले श्रीमंतालाही आवडत नाही.

पण सांगणारा दांभिक आहे, म्हणून सांगितलेले खोटे ठरते का? दारुड्या बापाने मुलाला दारू पिऊ नकोस म्हटले तर सल्ला बरोबरच असतो. मानवी हक्क युरोपने भारताला दिलेली भेटवस्तू नव्हेत. पोप जॉन तेविसावे यांनी ११ एप्रिल १९६३ च्या 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात हक्कांची सुरुवात राज्यघटनेपासून केली नाही, माणूस हा व्यक्ती आहे या गोष्टीपासून केली. तत्त्वज्ञ कांट याने १७८५ मध्ये याच अर्थाचा भेद केला होता: काही गोष्टींना किंमत असते, त्यांच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू ठेवता येते, माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. व्यापाराचा करार हा पहिल्या प्रकारच्या गोष्टींचा करार आहे. पण त्या वस्तू आकाशातून पडत नाहीत. प्रत्येक शर्टाच्या मागे कुणाचे तरी बारा तास असतात. माल करारात घ्यायचा आणि हात बाहेर ठेवायचे, तर तो करार अर्धे सत्य लिहितो. म्हणून माझे मत आहे की कलम हवे.

आता कुणी म्हणेल, दोन सार्वभौम देशांनी राजीखुशीने सही केली, त्यात तिसऱ्याने नीती कशाला आणावी? याचे उत्तर ख्रिस्तसभेने फार पूर्वी दिले आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये सांगितले की मालक आणि मजूर दोघे मजुरीवर राजी झाले एवढ्याने मजुरी न्याय्य ठरत नाही, कारण उपाशी माणसाची 'होय' ही मोकळी 'होय' नसते. २६ मार्च १९६७ च्या 'पोपुलोरुम प्रोग्रेस्सियो' मध्ये पोप पॉल सहावे यांनी तोच नियम राष्ट्रांना लावला: फार असमान बळाच्या दोन देशांमध्ये नुसत्या संमतीने करार न्याय्य होत नाही. हा नियम दोन्ही बाजूंनी कापतो, हे विसरू नका. गरीब देशातला मजूर मालकापुढे दुबळा आहे, तसा गरीब देश युरोपपुढे दुबळा आहे. ज्या तत्त्वावर आपण हक्कांचे कलम मागतो, त्याच तत्त्वावर ते कलम बळकटाच्या हातातली छडी होऊ नये, असेही मागावे लागते.

आपल्या नीतिशास्त्रात 'दुष्कृत्यातील सहकार्य' असे एक प्रकरण आहे. सतराव्या शतकात एक वाद गाजला होता. मालक एका घरात वाईट हेतूने खिडकीतून चढतो आहे. नोकराला ते माहीत आहे, तरी तो खांदा देतो, कारण नाही म्हटले तर मार बसेल. त्याला दोष किती? काही सैल पंडितांनी त्याला जवळजवळ मोकळे सोडले होते. १६७९ मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी ते मत नाकारले. पुढे संत आल्फोन्सस लिगोरी यांनी या विषयाची नीट मांडणी केली: मनाने सामील होणे वेगळे आणि हाताने हातभार लागणे वेगळे, पहिले कधीच चालत नाही, दुसऱ्यात आपण त्या कृत्याच्या किती जवळ आहोत आणि आपल्यावाचून ते अडले असते का, हे पाहावे लागते. व्यापारी करारांना आपण 'सहकार्य' करार म्हणतो, तेव्हा मला हे प्रकरण आठवते. जो देश दडपशाही करणाऱ्या राजवटीकडून माल घेतो, तो तिला खांदा देतो का? नेहमीच नाही. पण ज्या मालासाठी लोकांच्या जमिनी हिसकावल्या, तोच माल करमाफी देऊन बोलावला, तर खांदा दिला असे म्हणावेच लागेल.

हे मी कल्पनेने लिहीत नाही. कंबोडियाचे उदाहरण पाहू. युरोपने २००१ पासून सर्वांत गरीब देशांना 'शस्त्रांव्यतिरिक्त सर्व काही' नावाची योजना दिली. शस्त्रे सोडून कोणताही माल कर न भरता युरोपात आणा. कंबोडियाचा कपडे शिवण्याचा धंदा यामुळे फोफावला. कपडे, पादत्राणे आणि प्रवासी बॅगा यांच्या कारखान्यांत सात लाखांहून अधिक कामगार लागले. त्यांत बहुतेक खेड्यांतून आलेल्या तरुण मुली. महिन्याचा पगार झाला की त्यातला मोठा भाग गावी जायचा. साखरेलाही करमाफी मिळाली, आणि ऊसमळ्यांसाठी कोह काँगसारख्या प्रांतांत शेतकऱ्यांना जमिनींवरून हुसकावले गेले. एकाच सवलतीने एका बहिणीला नोकरी दिली आणि दुसऱ्या भावाचे शेत नेले.

मग सप्टेंबर २०१७ मध्ये विरोधी पक्षाचे नेते केम सोखा यांना अटक झाली, आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो पक्षच बरखास्त केला. युरोपने फेब्रुवारी २०१९ मध्ये चौकशी सुरू केली, फेब्रुवारी २०२० मध्ये निर्णय घेतला आणि १२ ऑगस्ट २०२० पासून सवलतीचा काही भाग काढून घेतला. काही कपडे व पादत्राणे, सर्व प्रवासी बॅगा आणि साखर. कंबोडियाच्या युरोपला जाणाऱ्या मालाचा हा साधारण पाचवा हिस्सा, वर्षाला सुमारे १०० कोटी युरोचा. बाकीचे चार हिस्से मुद्दाम चालू ठेवले, म्हणजे कामगारांवर सगळा घाव पडू नये.

परिणाम काय झाला? राजवट हलली नाही. मार्च २०२३ मध्ये केम सोखा यांना २७ वर्षांची शिक्षा झाली. जुलै २०२३ च्या निवडणुकीत मुख्य विरोधी पक्षाला उभेच राहू दिले नाही, आणि ऑगस्टमध्ये पंतप्रधानपद हुन सेन यांच्याकडून त्यांच्या मुलाकडे गेले. करमाफी गेली ती मात्र ऐन कोविडच्या वर्षात, जेव्हा कारखान्यांना ऑर्डरी मिळत नव्हत्या. ज्या मुलीने शिलाई मशीनवर बसून पक्ष बरखास्त केला नव्हता, तिच्या पगारावर जोखीम आली. ज्याने केला, त्याच्या जेवणात काही कमी पडले नाही.

मग युरोपचे चुकले का? या प्रश्नावर मी बराच विचार केला आहे. साखरेच्या बाबतीत चुकले नाही, असे मला वाटते. तिथे सवलतच हुसकावणुकीला पैसा पुरवत होती. खांदा काढून घेणे भागच होते, आणि ते बरेच आधी करायला हवे होते. बॅगांच्या बाबतीत मला तसे म्हणता येत नाही. बॅग शिवणारीचा पक्ष बरखास्तीशी संबंध नव्हता. तिच्या कामावर दबाव आणून तिच्या सरकारला वाकवायचे, हा तो विचार होता. यात तिला साधन म्हणून वापरले गेले. ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीचे जे संकलन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात आर्थिक निर्बंधांविषयी स्पष्ट सांगितले आहे की त्यांचा उद्देश वाटाघाटींची वाट उघडणे हा असावा, त्यांनी सर्वसामान्य जनतेला शिक्षा करू नये, ते थोड्या काळापुरते असावेत, आणि त्यांचा घाव सरसकट सर्वांवर पडत असेल तर ते समर्थनीय नाहीत.

याचा अर्थ हात बांधून बसावे असा नव्हे. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून अधिक माणसे मेली. तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवले गेले. १ मे रोजी पोप फ्रान्सिस म्हणाले की महिना ३८ युरोवर राबणे ही गुलामीच आहे. अमेरिकेने जूनमध्ये बांगलादेशची व्यापारी सवलत थांबवली; पण तयार कपडे त्या सवलतीत जवळजवळ नव्हतेच, म्हणजे कारखाना कपड्यांचा पडला आणि फटका दुसऱ्याच मालाला बसला! याउलट मोठ्या विदेशी कंपन्यांनी कामगार संघटनांशी त्याच मे महिन्यात जो बंधनकारक समझोता केला, त्यातून कारखान्यांची खरी तपासणी झाली, जिने, दरवाजे, विजेच्या तारा दुरुस्त झाल्या. व्यापार चालू राहिला, आणि खरेदीदाराला स्वतःच्या खिशात हात घालावा लागला.

अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या जुलै २०२० पासून लागू झालेल्या करारात मला आणखी एक शहाणपणाची गोष्ट दिसते. त्यात संपूर्ण देशाऐवजी एका कारखान्याविरुद्ध तक्रार करता येते. सिलाओ येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात २०२१ साली कामगारांच्या मतदानात गैरप्रकार झाले. अमेरिकेने या कलमाखाली तक्रार केली, ऑगस्टमध्ये पुन्हा मतदान झाले, कामगारांनी जुन्या युनियनचा वेतनकरार नाकारला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी स्वतंत्र युनियन निवडली. दोष ज्याच्या दारात, बोट त्याच्या दारावर. (अमेरिकेतल्या कारखान्यांविरुद्ध हीच वाट फार अरुंद ठेवली आहे, हे सांगायला हवे. करार लिहिणाऱ्याची लेखणी स्वतःच्या अंगणात आली की अडखळते.)

एक उदाहरण आपल्या मनाला अधिक जवळचे आहे, म्हणून त्यात सावधही राहायला हवे. पाकिस्तानला १ जानेवारी २०१४ पासून युरोपची जादा सवलत मिळाली, तिच्या बदल्यात मानवी हक्कांचे आंतरराष्ट्रीय संकेत पाळण्याचे वचन होते. एप्रिल २०२१ मध्ये युरोपीय संसदेने ईश्वरनिंदेच्या कायद्यावरून या सवलतीचा फेरविचार करण्याचा ठराव केला. त्यात २०१४ पासून फाशीच्या शिक्षेखाली असलेल्या एका ख्रिस्ती दांपत्याचा उल्लेख होता. जूनमध्ये लाहोरच्या उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. ठरावामुळे सुटले असे म्हणण्याचा पुरावा नाही, आणि न्यायाधीशांवर तो अन्यायही होईल. पण त्या दोघांचे नाव जगाच्या कानावर गेले ते करारात कलम होते म्हणून, इतके म्हणता येते. सवलत काढली गेली नाही. आपल्या लोकांचा छळ होत असताना 'काढूनच टाका' असे आपल्या ओठांवर येते. तिथल्या अहमदिया लोकांसाठी आपल्याला तेवढाच राग येतो का? आणि फैसलाबादच्या मागावर बसलेला गरीब मुसलमान विणकर, ज्याने कुणावर ईश्वरनिंदेचा आरोप केला नाही, त्याच्या ताटातली भाकरी आपण हिशेबात धरतो का?

कलम सर्वांना सारखे लावले जाते का, ही त्याच्या प्रामाणिकपणाची परीक्षा आहे, आणि त्यात युरोप पुष्कळदा नापास झाला आहे. प्रत्यक्ष कारवाई बहुतेक वेळा आफ्रिकेतील लहान देशांवर झाली. इस्राएलशी असलेल्या कराराच्या दुसऱ्या कलमात हेच शब्द २००० सालापासून आहेत. गाझातील कारवाईनंतर ते तपासायला युरोपने जून २०२५ उजाडू दिला. त्या तपासणीत भंगाची चिन्हे आढळली, सप्टेंबरमध्ये सवलती स्थगित करण्याचा प्रस्ताव आला, आणि वर्ष संपेपर्यंत तो सदस्यदेशांत अडकून राहिला. दरम्यान १७ जुलै रोजी गाझातील आपल्या पवित्र कुटुंबाच्या चर्चवर तोफगोळा पडून तिघे मरण पावले होते.

भारतापुरते सांगायचे तर, युरोपशी मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ मध्ये सुरू झाल्या, २०१३ मध्ये थांबल्या, २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. मार्च २०२४ मध्ये स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिक्टेनस्टाइन या चार देशांशी भारताने जो करार केला, त्यात पर्यावरण व कामगार यांविषयीचे प्रकरण आहे. मात्र त्यावरचा वाद लवादाकडे नेता येत नाही. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारातही कामगारांवर प्रकरण आहे. 'आत येऊच देणार नाही' पासून 'आत आहे, पण दात नाहीत' इथपर्यंत आपण आलो. मला हे अगदीच थोडे वाटत नाही, कारण छापील ओळ हाती असली की कामगार संघटनेला कुठेतरी बोट ठेवता येते. उलट, १९९४ चे कलम दोघांनाही बांधणारे आहे, तरी युरोपच्या वेशीवर समुद्रात बुडणाऱ्या स्थलांतरितांविषयी भारताने त्या कलमाखाली युरोपला जाब का विचारू नये, हा प्रश्न आपले कुणी विचारत नाही. भाऊ म्हणवायचे तर दोघांनीही एकमेकांना विचारायला हवे.

पुढील रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर पॅरिश हॉलमध्ये या विषयावर अर्धा तास बसू. एक्स्पोर्टचा माल करणाऱ्या कारखान्यांत आणि गाळ्यांत काम करणाऱ्यांनी अवश्य यावे. विदेशी खरेदीदाराची माणसे तपासणीला येतात त्या दिवशी काय दाखवले जाते आणि इतर दिवशी काय असते, हे मला पुस्तकांतून कळत नाही. ते तुमच्याकडून ऐकायचे आहे.

आपला ख्रिस्तात,
प्रमुख धर्मगुरू